वहीत सगळे होते, बिल मात्र काळे पडले

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील डिझेल गाड्यांच्या वॉरंटीवरचा लेख वाचला. दावे फेटाळले जातात ते ट्रकमालकांच्या बेफिकिरीमुळे, हे त्यातले वाक्य रात्रभर डोक्यातून गेले नाही. नोंदी ठेवाव्यात हे लेखकाचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. माझा आक्षेप 'बेफिकिरी' या शब्दाला आहे. आमच्या घरात गाडी यजमान चालवतात आणि कागद मी सांभाळते. लग्नाआधी मी एका दुकानात हिशेब लिहीत होते, त्यामुळे वही लिहिण्याचा मला कंटाळा नाही. गाडी घेतली त्या दिवसापासून तिची दोनशे पानी वही आहे. तरीही आमचा दावा फेटाळला गेला.

गेल्या वर्षी जून महिन्यात यजमान न्हावा शेवा बंदरातून भरलेला कंटेनर घेऊन भिवंडीला निघाले होते. शिळफाटा मागे पडला आणि मुंब्रा बायपासच्या चढावर गाडी ओढेना. मागे निळा धूर. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग, गेला होता. वॉरंटी संपायला सात महिने बाकी होते, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. गाडी टोचन करून अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. कंपनीच्या इंजिनिअरने सर्व्हिस बुक मागितले, पाने उलटली आणि दुसऱ्या ऑइल सर्व्हिसच्या रकान्यावर बोट ठेवले. तिथे शिक्का नव्हता.

का नव्हता, ते सांगते. सर्व्हिसला चारशे किलोमीटर उरले तेव्हा मी स्वतः याच वर्कशॉपला फोन केला होता. उत्तर मिळाले, "मॅडम, आठ दिवस जागा नाही." एकच गाडी, तीही हप्त्यावर. आठ दिवस ती उभी ठेवणे आम्हाला परवडत नाही आणि चालवली तर मीटर पुढे जातो. मग कंपनीच्याच पार्ट काउंटरवरून ऑइलची सीलबंद बादली आणि ओरिजिनल फिल्टर रोख पैसे देऊन आणले. कळंबोलीतल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडून वेळेत काम करून घेतले. त्या पानावर तारीख आहे, मीटर आहे, ऑइलची ग्रेड आहे, कडेला यजमानांच्या काळ्या अंगठ्याचा ठसासुद्धा आहे.

बिल होते गुळगुळीत कागदाच्या पट्टीवरचे. गाडीत राहिले तर उन्हाने अक्षरे उडतात हे मला माहीत होते. म्हणून ते घरी आणून कोपरखैरणेत झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशनला दिले. यंत्रातून कागद काळाठिक्कर होऊन बाहेर आला. एक आकडा वाचता येईना. तो कागद उष्णतेवरच छापला जातो आणि लॅमिनेशनच्या उष्णतेने सगळाच काळा पडतो, हे त्या दिवशी कळले. दुकानाकडे प्रत असेलच, असा तेव्हा विचार केला.

टर्बो गेल्यावर त्या काउंटरवर गेले. "मशीन बदललं, जुना डेटा निघत नाही," एवढेच उत्तर. जीएसटी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत दुकानदाराला हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात, हे मला नंतर समजले. तेव्हा माहीत असते तर तिथून हलले नसते. इंजिनिअरकडे परत आले तर ते म्हणाले, बिल वाचता आले असते तरी उपयोग नव्हता, कारण त्यावर गाडीचा नंबर नव्हता. बादली कोणत्या गाडीत ओतली ते कसे कळणार? मी वही पुढे केली. त्यांनी उघडली नाही. "घरची वही पुरावा होत नाही, मॅडम." इंजिनात जे ऑइल आहे त्याचाच नमुना तपासायला पाठवा, खराब निघाले तर मी गप्प बसते, असेही मी म्हटले. त्यालाही नकार मिळाला.

टर्बोचे ९२ हजार रुपये आम्ही भरले. गाडी १३ दिवस उभी राहिली.

पुस्तिकेत अधिकृत ठिकाणीच सर्व्हिस करा असे छापले आहे, हे मला मान्य आहे. पण अधिकृत ठिकाणी जागाच नसेल तर मालकाने काय करायचे, ते कोणत्या पानावर आहे? माझा फोन, त्यांनी सांगितलेले आठ दिवस, याची नोंद वर्कशॉपने कुठेच ठेवली नाही. माझ्या बाजूचा एक कागद कमी पडला तर दावा जातो. त्यांच्या बाजूला कागदच नसला तर कोणी विचारत नाही. लेखात या बाजूवर एक ओळ हवी होती. मालकाने वेळ मागितली कधी आणि वर्कशॉपने तारीख दिली कोणती, हे त्याच दिवशी लेखी मिळायला हवे. मोबाइलवर एक संदेश आला तरी पुरे.

लेखातल्या चौकटीत 'बिले जपून ठेवा' असे दिले आहे. नुसत्या बिलाने भागत नाही, म्हणून आम्ही आता काय करतो ते लिहिते. बिलावर गाडीचा नंबर आणि मीटर लिहून घेतल्याशिवाय मी पैसे देत नाही. काउंटरवरचा मुलगा कुरकुरतो, पण लिहितो. गुळगुळीत बिलाची त्याच दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स काढते. फिल्टरच्या खोक्याचा पार्ट नंबर छापलेला तुकडा कापून वहीच्या पानाला स्टेपल करते. बादलीच्या लेबलवरचा बॅच नंबर उतरवून घेते. यजमान बादली डॅशबोर्डजवळ धरून मीटर दिसेल असा फोटो काढतात आणि लगेच मला पाठवतात, म्हणजे तारीख-वेळ आपोआप राहते. वर्कशॉपमध्ये काम झाले तर जॉब कार्डाची, म्हणजे केलेल्या कामाच्या नोंदीची, प्रत हातात आल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही, असे यजमानांना बजावले आहे. शिक्का पुसट उमटला असेल तर पुन्हा मारून घ्यायचा.

बंदराच्या गाड्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे आणि ती लेखात अजिबात नाही. आमच्या पुस्तिकेत सर्व्हिसची मुदत किलोमीटर, महिने किंवा इंजिनाचे तास, यांतले जे आधी भरेल त्याप्रमाणे आहे. लांब पल्ल्याच्या गाडीचे किलोमीटर आधी भरतात. न्हावा शेवा ते भिवंडी करणारी गाडी मात्र यार्डाच्या रांगेत इंजिन चालू ठेवून एक-एक गाडी पुढे सरकत असते. मीटर हलत नाही, तास भरत जातात, ऑइल वापरले जाते. नुसत्या मीटरवर लक्ष ठेवणाऱ्याची सर्व्हिस त्याला न कळता उलटून गेलेली असते, आणि हे तास गाडीच्या संगणकात नोंदलेले असतात. माझ्या वहीत आता तासांचा वेगळा रकाना आहे.

सासऱ्यांच्या जुन्या गाडीचे असे काही नव्हते. मिस्त्री इंजिनाला कान लावायचे आणि सांगायचे. एप्रिल २०२० पासून धुरावरचे कडक बीएस-६ नियम आले आणि गाडी बदलली. धूर गाळणारा फिल्टर आला, त्याला कमी राखेचे ऑइल लागते, चुकीचे घातले तर तो फिल्टर तुंबतो. धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची टाकी आली. त्या द्रावणात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेले पाणी लागते. रस्त्यात स्वस्त मिळते म्हणून कसलीही बादली ओतली की पुढची सगळी यंत्रणा खराब होते आणि दावा करायला तोंड राहत नाही. युरियाचे बिल मागणारे ड्रायव्हर मी फार पाहिले नाहीत. माझी आपल्या वाचकांतल्या मालकांना कळकळीची विनंती आहे, ऑइलच्या बिलाइतकेच तेही जपा.

लेखकाने शेवटी ग्राहक मंचाचा उल्लेख केला आहे. २०१९ च्या कायद्यापासून तो मंच राहिला नसून जिल्हा आयोग झाला आहे. पण त्याहून मोठी गोष्ट राहून गेली. आम्हाला वर्कशॉपमध्ये तोंडावर सांगितले गेले की गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहकच नाही. कायद्यातल्या ग्राहकाच्या व्याख्येखाली स्पष्टीकरण आहे. स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरली जात नाही. स्वतःच्या एकुलत्या गाडीच्या स्टिअरिंगवर स्वतः बसणाऱ्याला याचा आधार घेता येतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत २ वर्षांची आहे. ही माहिती छापली असती तर कितीतरी लोक वर्कशॉपच्या दारातून गुपचूप परत गेले नसते. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात सांगितले होते की बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. तो आदेश ट्रकबद्दल नव्हता आणि प्रकरण पुढे अपिलात गेले. पण ऑइलचा नमुना तपासा असे मी म्हणत होते ते याच न्यायाने.

पत्र लांबले आहे, तरी एक तक्रार आपल्या वृत्तपत्राबद्दल. घोडबंदर रस्त्यावर किंवा ठाण्यात अवजड वाहनांना प्रवेशबंदी होते तेव्हा त्याच्या वेळा आपल्याकडे आतल्या पानावर, तेही बंदी सुरू झाल्यानंतर छापून येतात. आदल्या दिवशी पहिल्या पानावर चार ओळी आल्या तर गाड्या यार्डातच थांबतील, नाक्यावर इंजिन चालू ठेवून ताटकळणार नाहीत.

आमची तक्रार ठाण्याच्या जिल्हा आयोगात द्यायची ठरले आहे. काळे पडलेले बिल, वही आणि फोन केल्याच्या दिवसाचा कॉल तपशील जोडणार आहे. व्याख्येबद्दलचा खुलासा मात्र आपण पुढच्या अंकात छापावा, लेख जिथे छापला त्याच पानावर.

आपली वाचक,
एक ट्रकमालकीण, कोपरखैरणे, नवी मुंबई