आमच्या पुस्तिकेला शिस्त लावणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोपसमारंभात भाषणं खूप झाली, पण पंपाच्या देखभाल-पुस्तिकेसाठी तुम्ही जे केलंत त्यावर कुणी नीट बोललं नाही. म्हणून हे जाहीर आभार.

ईमेलवरून फिरणारी ती पुस्तिका तुम्ही साध्या मजकुराच्या फाइल्समध्ये उतरवून गिटमध्ये, म्हणजे फाइल्समधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, ठेवलीत. लिनस टोरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामासाठी लिहिलेलं ते साधन. आम्हा मेकॅनिकलवाल्यांना त्याचं काय, असंच सगळ्यांना वाटत होतं. तुम्ही पहिला नियम घातलात: एका ओळीत एकच वाक्य. संगणकतज्ज्ञ ब्रायन कर्निहान यांनी 1974 मध्येच युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नवशिक्यांना हे सांगून ठेवलंय, हेही तुमच्याकडूनच कळलं. गिट फरक दाखवतं तो ओळीओळीने. अख्खा परिच्छेद एका ओळीत असला तर बदललेला एक आकडा त्यात शोधत बसावं लागतं. वाक्य सुटं असलं की नजर थेट तिथेच जाते.

बदलासोबत कारण लिहायचं, हा दुसरा नियम. नुसतं ‘दुरुस्ती केली’ लिहिलं की तुम्ही परत पाठवायचात. पुढे एका ग्राहकाने विचारलं, फ्लँजच्या (पाइप जोडायच्या कड्याच्या) बोल्टचा टॉर्क (आवळायचा जोर) आधीपेक्षा कमी कसा? ‘गिट ब्लेम’ या आज्ञेने त्या ओळीचा शेवटचा बदल काढून दिला आणि कारणही तिथेच होतं: गॅस्केटचं (सांध्यातली गळती रोखणाऱ्या चकतीचं) मटेरियल बदललंय, जास्त आवळलं तर ते चेपतं. फोन चालू असतानाच उत्तर देता आलं.

पण खरे आभार मानायचे आहेत ते फिटर मंडळींना यात आणल्याबद्दल. त्यांना गिट शिकायला न लावता तुम्ही मसुदा गूगल डॉक्समध्ये सूचना देण्यापुरता खुला केलात, आणि मराठीत लिहा म्हणालात. ‘आधी कव्हर काढा, नाहीतर पाना आत जात नाही’ अशी सूचना आली आणि पायऱ्यांचा क्रम बदलला. आम्ही ऑफिसात बसून तो क्रम कितीदा तरी वाचला होता! सूचना नाकारली तरी कारण लिहूनच बंद करायची, हा तुमचा आग्रह होता. स्वीकारली की कमिटमध्ये (गिटमधल्या त्या बदलाच्या नोंदीत) सहलेखक म्हणून त्या फिटरचं नाव जायचं. वर्कशॉपमधल्या माणसाचं नाव कागदावर यावं, यासाठी इतकं झटणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही.

आता पूर्ण पुस्तिका मराठीत करायला घेतली आहे. सीलच्या प्रकरणाचा मसुदा तयार आहे. सवडीने वाचून सूचना कराव्यात, ही विनंती.

आपला,
देखभाल विभागातला एक सहकारी