तळपायाच्या दबलेल्या नसेची नोंद नेमक्या कोडने व्हावी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी रुग्णालयाच्या वैद्यकीय नोंदी विभागात काम करते. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलेले निदान वाचायचे आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातला, म्हणजे आयसीडीतला, कोड द्यायचा, हे माझे रोजचे काम. त्यातल्याच एका दुखण्याविषयी आपल्याला लिहीत आहे.

पायाच्या आतल्या घोट्यामागून एक नस तळपायात उतरते. हाड आणि त्यावरून ताणलेला चिवट पट्टा यांच्यामधल्या अरुंद वाटेत ती दाबली गेली, की तळपायाची आग होते, मुंग्या येतात, बधिरपणा येतो आणि पुष्कळदा रात्रीच त्रास वाढतो. यालाच टार्सल टनेल सिंड्रोम म्हणतात. आयसीडी-१० मध्ये त्याला स्वतंत्र कोड आहे, जी५७.५. बोटांच्या मुळाशी नस दाबून होणाऱ्या मॉर्टनच्या दुखण्याचा कोड जी५७.६, तर सकाळी पहिले पाऊल टेकताच टाचेत कळ आणणाऱ्या प्लांटर फॅशिआयटिसचे प्रकरणच निराळे, एम७२.२. रुग्ण तिन्ही वेळा ‘तळपाय दुखतो’ एवढेच सांगतो.

एक केसपेपर माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. डाव्या घोट्यामागे बोटाने ठोकले की अंगठ्यापर्यंत झिणझिण्या जातात, असे डॉक्टरांनी तपासणीत स्वच्छ लिहिले होते. नसेच्या वहनाच्या चाचणीचा अहवालही तेच सांगत होता. निदानाच्या रकान्यात मात्र दोनच शब्द होते, ‘पाय दुखणे’, आणि त्यावरून कोड पडला एम७९.६. पुढे नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा विम्याचा दावा परत आला. नुसत्या पायदुखीसाठी नसेची शस्त्रक्रिया का केली, अशी विचारणा होती आणि आमच्या नोंदीकडे पाहता ती रास्तच होती. त्या बाईंना दुरुस्तीच्या कागदांसाठी दुखऱ्या पायाने हेलपाटे घालावे लागले. तो कोड मी दिला होता, निदानाच्या रकान्यापलीकडे न वाचता.

म्हणून माझी पहिली मागणी अशी, की तपासणी आणि निदान यांचा मेळ बसत नसेल तेव्हा कोड देणाऱ्याला डॉक्टरांकडे लेखी विचारणा करण्याचा अधिकार असावा आणि तिला ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळावे. आज ही विचारणा ज्याच्या-त्याच्या धिटाईवर चालते. मधुमेही रुग्णांच्या बाबतीत तर तिची फारच गरज आहे, कारण दोन्ही पायांची आग मधुमेहाने होऊ शकते हे खरे असले, तरी एकाच पायाची तक्रारही सवयीने मधुमेहाच्या नावे टाकली, तर दबलेली नस तशीच राहते. उलट, नुसता संशय असताना पक्क्या निदानाचा कोड देणेही तितकेच चूक. तेथे लक्षणाचाच कोड द्यावा.

दुसरी मागणी बाजूविषयी आहे. मूळ आयसीडी-१० च्या या कोडमध्ये डावा-उजवा भेद नाही. अमेरिकेतल्या आवृत्तीत तो शेवटच्या अंकाने दाखवतात : उजव्यासाठी जी५७.५१, डाव्यासाठी जी५७.५२, दोन्हींसाठी जी५७.५३. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्येही बाजू दाखवणारा जोडकोड लावता येतो. आपल्या नोंदींत बाजूचा रकाना सक्तीचा करावा आणि नवा नमुना ठरवताना नोंदी विभागातल्या कर्मचाऱ्यांनाही चर्चेला बोलवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
वैद्यकीय नोंदी विभागातील एक कर्मचारी