जुन्या लष्करी ट्रकांनाही नोंदणी हवी

मा. संपादक महोदय,

जबलपूरच्या कारखान्यात जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने तयार झालेले शक्तिमान ट्रक लष्करी लिलावांतून आमच्या वर्धा जिल्ह्यातही आले असून, काही हौशी मंडळी पदरमोड करून ते जपत आहेत. वैदर्भीय उन्हात उभ्या गाडीचे रबरी सील कडक होऊन तडकतात, टाकीत गाळ साचतो; म्हणून इंजिन अधूनमधून चालवावे लागते आणि पुढच्या चाकांची ड्राइव्हही (इंजिनाची ताकद त्या चाकांना देणारी यंत्रणा) जोडून पाहावी लागते (तीही काळ्या मातीत, डांबरी रस्त्यावर नव्हे!). सुटे भाग बहुधा भंगारातल्या गाड्यांतूनच मिळवावे लागतात.

केंद्राच्या २०२१ च्या व्हिंटेज, म्हणजे जुन्या जतन केलेल्या गाड्यांच्या नोंदणीच्या नियमांत ५० वर्षांवरील, खासगी वापरातील दुचाकी-चारचाकींचाच उल्लेख आहे. व्यवसायासाठी न वापरल्या जाणाऱ्या जुन्या ट्रकांचाही त्यात स्पष्ट समावेश व्हावा, अशी शिफारस राज्याच्या परिवहन विभागाने करावी.

– एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)