टाच, खांदा, कंबर, सगळ्याला एकच मशीन?

संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली पेपरमधून जी पत्रकं पडतात त्यात शॉकवेव्ह थेरपीचं एखादं असतंच, "ऑपरेशन नाही, इंजेक्शन नाही, जुनाट दुखणं गायब". खाली यादी, टाच, गुडघा, खांदा, कंबर, मान, राहिलं काय मग? मी ही थेरपी घेतलीय म्हणून लिहितेय.

तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहून माझी टाच गेली, सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा रुतल्यासारखं व्हायचं. क्लिनिकमध्ये गेले तर सरळ पाच सिटिंगचं पॅकेज. नावात शॉक आहे म्हणून करंट देतात असं मला वाटलेलं, पण तसं काही नसतं, जेल लावून गनसारखं एक हँडल टाचेवर टेकवतात आणि ते टकटकटक दोनेक हजार ठोके मारतं. दुखतं हो, चांगलंच दुखतं.

मूळ तंत्र मुतखड्याचं. 1980 साली जर्मनीत म्युनिकला पेशंटला न कापता बाहेरून लहरी सोडून किडनीतला खडा फोडला, तेच पुढे टाच-कोपराकडे आलं. फक्त इथे फोडायचं काही नसतं, जुन्या दुखण्यात ती जागा भरून यायची थांबलेली असते, तिला डिवचून पुन्हा कामाला लावायचं. त्यामुळे गुण यायला दीड-दोन, कधी तीन महिने पण लागतात. हे मला कोणी सांगितलंच नाही, मी तिसऱ्याच सिटिंगला पैसे बुडाले म्हणून भांडून आले!

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. हृदयाचे ठोके अनियमित आहेत म्हणून मला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे, आणि पैसे घेण्याआधी त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही कोणी. पाय काळानिळा पडला तेव्हा भाची (ती फिजिओथेरपी शिकतेय) म्हणाली मावशी, त्या गोळीवर हे करतात का कधी? गरोदर बाईला नाही, त्या जागी कॅन्सरची गाठ असेल तर नाही, वाढत्या वयातल्या पोरांच्या हाडांच्या टोकांवर नाही, हे सगळं आधी विचारायचं असतं म्हणे.

तिनेच सांगितलं की मशीन दोन जातीची, फोकस्ड जरा खोल जातं, रेडियलमध्ये हवेच्या दाबाने आतला तुकडा आपटतो आणि जोर वरवरच राहतो, मला कुठलं लावलं देव जाणे. टाचेसाठी अमेरिकेत 2000 सालीच परवानगी मिळालीय, म्हणजे थेरपी खोटी नाही, पण खांद्याच्या रोटेटर कफच्या (म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायू-शिरांच्या) दुखण्यावर 32 चाचण्या एकत्र तपासून 2020 साली कॉक्रेनवाल्यांनी (उपचारांचे पुरावे तपासणारी ही आंतरराष्ट्रीय संस्था) सांगितलं की म्हणण्यासारखा फायदा फारसा दिसत नाही. पत्रकात मात्र टाच आणि खांदा एकाच ओळीत.

माझी टाच आता बरी आहे, पण भाचीने भिंतीला हात टेकून पोटरी ताणायचा व्यायाम दोन्ही वेळ करायला लावलाय, तेव्हा गुण कशाचा ते मी सांगू शकत नाही.

क्लिनिकवाल्यांनी पॅकेजचा कागद पुढे करायच्या आधी चालू गोळ्या विचारायचा कागद पुढे करावा आणि कुठलं मशीन, किती दिवसांनी फरक, ते त्यावरच लिहून द्यावं, एवढं छापा.

एक निवृत्त शिक्षिका, कराड