चि. मिनू, बाथरूमबद्दल शेवटचं

चि. मिनू,

आम्ही नीट पोचलो. बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात, तुझ्या आईने फक्त अर्णवची चित्रं काढून फ्रीजला लावली. एअरपोर्टवर तू गाडीतून उतरली नाहीस, काचेतूनच हात केलास. आई म्हणाली रागावलीये अजून. मला वाटलं राग नसेल, तुझ्या एमएसने (मल्टिपल स्क्लेरोसिस, नसांचा तो आजार) पाय दमले असतील. विचारणार होतो पण तिथे गाडी थांबू देत नाहीत.

आधी माफी मागतो. "मग पड एकदा, म्हणजे कळेल" असं मी बोललो, बापाच्या तोंडून हे निघायला नको होतं. विमानात नऊ तास तेच एक वाक्य कानात होतं. बाथरूममधला आधाराचा दांडा मीच बसवलेला, निघाला तो माझ्या चुकीमुळे, आणि बोलणी तुला खावी लागली.

चौतीस वर्षं बांधकाम खात्यात काढली मी, सगळी विटांच्या नाहीतर दगडाच्या भिंतींशी गाठ. तुमची ती पार्टिशनची भिंत आतून पोकळ, नुसता प्लास्टरबोर्ड, ड्रिल एकदम खपकन आत गेलं तेव्हाच मी थांबायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, त्याआधी काहीतरी करून जायचं डोक्यात होतं. गिट्ट्या ठोकल्या, स्क्रू आवळले, दोन्ही हातांनी खाली ओढून बघितलं, हललासुद्धा नाही. तू मात्र टबातून बाहेर येताना तो आपल्याकडे ओढलास, सगळा भार टाकून, आणि चारही स्क्रू पांढऱ्या भुकटीसकट बाहेर. तू काठावर बसलीस म्हणून वाचलीस. मी ओढतो तसं मी तपासलं ग, तू कशी ओढणार ते मी बघितलंच नव्हतं.

म्हणून सांगतो की कौन्सिलच्या, म्हणजे तुमच्या तिथल्या नगरपालिकेच्या, ऑक्युपेशनल थेरपिस्टला बोलाव, रोजची कामं आपली आपल्याला कशी जमतील ते बघणारी ती. नर्सने दोनदा सांगितलं, ते पत्रक तुमच्या मायक्रोवेव्हवर ठेवलंय, त्यावर अर्णवच्या दुधाचा डाग आहे. फोन केलास का? ठीक आहे, नाही विचारत.

(नर्स ओटी ओटी म्हणत होती तेव्हा आईला वाटलं ऑपरेशन थिएटर. दोन दिवस जेवली नाही नीट, तुला बोलली नाही.)

तू म्हणालीस "बाबा, तुम्ही माझं घर हॉस्पिटल करताय." आणि म्हणालीस ते सगळं खऱ्या अपंग लोकांसाठी असतं. मिनू, मी आल्यापासून सगळं वाचून काढलंय, सरकारी भाषा मला वाचता येते, आयुष्य त्यातच गेलं. तिथे केअर ॲक्ट २०१४ म्हणून कायदा आहे, त्यात साफ लिहिलंय की प्रौढ माणसाला मदतीची गरज आहे असं दिसलं की कौन्सिलने ती गरज तपासायची, त्याच्या खिशात किती पैसे आहेत ते न बघता. कुठलं सर्टिफिकेट लागत नाही, कुठल्या यादीत नाव लागत नाही. डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही, तू स्वतः फोन करायचा नाहीतर वेबसाईटवर फॉर्म भरायचा. मला कमरेत दुखतं म्हणून मी इथे कुणाला घरी बोलावू म्हटलं तर कोण येणार आहे?

पुढचं ग्रँटचं. डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट, १९९६ च्या कायद्यातली. इंग्लंडमध्ये जास्तीत जास्त ३०,००० पौंड. जिन्याची लिफ्ट, टब काढून सपाट शॉवर, दरवाजे रुंद करणं, रॅम्प हे सगळं त्यात बसतं. उत्पन्न बघतात, निखिलचाही पगार धरतील, त्यामुळे कदाचित काही हिस्सा तुम्हाला भरावा लागेल, कदाचित काहीच मिळणार नाही. पण छोटी कामं, १,००० पौंडांपर्यंतची, आणि टबावर टाकायची फळी, शॉवरचं स्टूल, कमोडची उंच सीट असलं सामान, गरज ठरली की फुकट असतं. दांडेसुद्धा त्यातच, आणि भिंत कसली आहे ते ओळखणारा माणूस येऊन लावतो.

आणि हे नीट ऐक, निखिललाही वाचून दाखव. त्याने त्या बिल्डरला पुढच्या महिन्यात यायला सांगितलंय ना, त्याला थांबव. मंजुरीच्या आधी काम सुरू केलं तर ग्रँट साधारण मिळतच नाही. अर्ज पूर्ण भरून दिला की सहा महिन्यांत कौन्सिलला हो की नाही ते सांगावंच लागतं. पण त्याच्या आधी थेरपिस्टचा नंबर लागायला वेळ जातो, म्हणून म्हणतो आज, उद्या नाही. शिवाय बिल्डर त्याला माहीत आहे ते बाथरूम बांधेल. छान टाईल्स लावेल, चकचकीत. मीही तेच केलं असतं.

लेक्चर होतंय, कळतंय मला. सॉरी.

नंदूकाकाचं तुला कधी सांगितलं का माहीत नाही. पोलिओनंतर आजोबा त्याला कराडहून मुंबईला केईएमला घेऊन गेले होते, मी बरोबर होतो, नऊ वर्षांचा. आजोबांना वाटलं पाय बरा करतील. तिथली एक बाई खाली बसली, नंदूच्या समोर, आणि विचारलं तुझी चड्डीची नाडी तू बांधतोस का? तो म्हणाला आई बांधते. तिने नाडी त्याच्या हातात दिली आणि अर्धा तास नुसती बघत बसली, तो कुठे अडतो, कुठला खांदा उचलतो, कधी चिडतो. आजोबा बाहेर येऊन म्हणाले इतक्या लांब नाडीसाठी आलो का. पण महिनाभरात नंदू नाडी बांधायला लागला आणि मग त्याने आईला हात लावू दिला नाही. पुढे त्याचं घड्याळाचं दुकान, ते तू बघितलंयस, कमी उंचीचा काउंटर आणि उजवीकडे खुंटी. ते सगळं त्या नाडीपासून सुरू झालं. तीच ऑक्युपेशनल थेरपी, केईएममध्ये ती शिकवणं १९५० मध्ये सुरू झालं, कमलाबाई निंबकरांनी केलं, मूळच्या अमेरिकन, इकडे लग्न करून आलेल्या. मला ते मोठेपणी कळलं. तेव्हा फक्त आठवतंय की ती बाई घाई करत नव्हती.

तुझ्याकडे येतील त्याही हेच करतील. खुर्चीतून कशी उठतेस, पलंगावरून, कमोडवरून, जिना कसा चढतेस, चहाचा कप घेऊन दोन पावलं कशी टाकतेस. टेपने मोजतील, गुडघ्यापासून जमिनीपर्यंत तुझा पाय किती ते पण. मी घर मोजलं होतं, टबाचा काठ साडेएकवीस इंच, जिन्याची पायरी सव्वाआठ. तुला नाही मोजलं.

आता माझी खरी भीती सांगतो. त्या येणार म्हटल्यावर तू आदल्या रात्री घर आवरशील, बिस्किटं काढशील आणि हसत हसत जिना चढून दाखवशील. मिनू, तो बघायचा कार्यक्रम नाही. वाईट दिवस असतो तसा सांगायचा. दुपारी तीन वाजता डावा पाय कसा फरपटतो ते सांग. गरम पाण्याने अंघोळ केली की पायातली ताकदच जाते, एमएसमध्ये उष्णतेने होतं तसं, आणि नेमकं तेव्हाच तो साडेएकवीस इंचांचा काठ ओलांडायचा असतो, ते सांग. मार्चमध्ये तू टॉवेलवर बसून राहिली होतीस वीस मिनिटं, निखिल ऑफिसला, मी बाहेरून हाका मारतोय आणि तू "आले आले" म्हणतेयस. आले आले म्हणायची सवय तुला लहानपणापासून आहे. राजगडावर गुडघा फुटला होता तेव्हाही संजीवनी माचीपर्यंत आले आलेच चाललं होतं, पॅन्ट रक्ताने चिकटली तेव्हा आम्हाला कळलं. तेव्हा मी सगळ्या ऑफिसात सांगत सुटलो होतो माझी मुलगी रडली नाही म्हणून. चुकलंच माझं.

निखिलला त्या दिवशी घरी राहायला सांग. तू जे गाळशील ते तो सांगेल.

तुझ्या आजीचं न्हाणीघर मी बांधलं होतं कराडला, स्वतःच्या देखरेखीखाली. पाणी बाहेर येऊ नये म्हणून पाच इंचांचा उंबरा ठेवला. उतार एकदम बरोबर होता, पाणी थेंबभर साचायचं नाही. त्याच उंबऱ्याला अडकून ती पडली. खुबा मोडला, पुढे नऊ महिने. सगळे म्हणाले वय झालं होतं. उंबऱ्याबद्दल कुणी काही बोललं नाही, मीही नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

आई म्हणतेय फार मोठं झालं पत्र, मुलीला वाचायला तरी वेळ आहे का. बरं. तुला मी दुबळी समजत नाही. तू तिकडे घर घेतलंस, आजार अंगावर घेऊन नोकरी केलीस, पोर वाढवतेयस, इथे मी कुणालाही ते सांगतो, भाजीवाल्यालासुद्धा. तुझ्याकडे सोमवारी सकाळी नऊ वाजले की आमच्याकडे दीड वाजतो. जेवण झालेलं असतं, मी जागाच असतो. कौन्सिलला फोन केलास की मला नुसता अंगठा पाठव व्हॉट्सॲपवर, बोलायला नको.

तुझा,
बाबा

ता. क. भिंतीला चार भोकं राहिलीत ती बुजवू नका, त्यांना दाखव. आणि आज अंघोळ केलीस तेव्हा निखिल घरी होता ना?