अण्णा, तो दिवस कसा जातो हे तुम्ही आधीच सांगितलंत

ती. स्व. अण्णांस,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलो की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. संभाजीनगरच्या वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याच्या कारखान्यांत ज्यांच्या कानावर सध्या नोकरकपातीची कुजबूज येते आहे, त्यांनाही तुमचं सांगणं कळावं अशी फार इच्छा आहे.

नोकरी गेल्यावर धीर देणारे पुष्कळ भेटले. ती जायच्या आधी शेजारी बसवून, तो दिवस कसा उगवतो नि कसा मावळतो हे सांगणारे एकटे तुम्हीच. आमची तिसरी शिफ्ट बंद झाली, कंत्राटी पोरं थांबवली, तेव्हाच तुम्ही ओळखलंत. सगळी नोकरी टाईम ऑफिसात गेलेली तुमची. कितीतरी जणांचे हिशेब तुमच्या हातून निघालेले. बजाजनगरच्या त्या ओट्यावर म्हणालात, "भिऊ नको लेका, पण तयार राहा."

सगळं तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. शिफ्ट चालू असताना मशीनवरून बोलावणं आलं. केबिनमध्ये दोघं होते. एक बोलत होता, दुसरा खाली मान घालून बसलेला. ऑर्डर नाहीत, वरून निर्णय आहे, तुझ्या कामाबद्दल तक्रार नाही. पाच-दहा मिनिटांत बोलणं आटोपलं. कान सुन्न झाले होते, पण तुम्ही तेही सांगितलं होतं: "त्या वेळी अर्धं डोक्यात शिरतच नाही. म्हणून तिथं काही ठरवायचं नाही."

आणि मग तो कागद पुढे आला. छापून तयार होता: 'मी माझ्या वैयक्तिक कारणास्तव स्वखुशीने राजीनामा देत आहे.' नाव, टोकन नंबर, तारीख सगळं भरलेलं. सही तेवढी बाकी. "राजीनामा दिलास तर रिलिव्हिंग लेटर चांगलं मिळेल, पुढे नोकरीला अडचण येणार नाही," असं अगदी आपुलकीनं सांगत होते. तुमचा आवाज कानात नसता तर मी तिथंच सही केली असती. तुम्ही बजावलं होतं, "काढायलेत ते, तू सोडायला नाहीस. मग राजीनामा कशाला लिहून द्यायलास?" स्वखुशीच्या राजीनाम्याला कपातीची नुकसानभरपाई लागू होत नाही, हे माझ्या ओळीत उभ्या असलेल्या निम्म्या पोरांना माहीत नव्हतं. मी म्हणालो, घरी वाचून सांगतो. आवाज चढवला नाही. कागद पुढे सरकवणाराही नोकरदारच असतो, त्याच्याशी भांडून काही हाती लागत नाही, हेही तुमचंच.

पुढचं पटापट झालं. लॉकरपाशी सिक्युरिटीवाला येऊन उभा राहिला. डबा, स्वेटर, देवाचा फोटो पिशवीत घातला. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर स्टोअरला जमा केले आणि, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, नंबर टाकून पोच लिहून घेतली. नंतर हिशेबातून हत्यारांचे पैसे कापायची भाषा निघाली, तेव्हा त्या चिठ्ठीनं तोंड बंद केलं.

संध्याकाळी तुम्ही दूधवाल्याच्या बिलाच्या पाठीवर माझा हिशेब मांडलात. तो कागद मी जपून ठेवलाय. मूळ पगार अधिक महागाई भत्ता 13,000. त्याला महिन्याच्या कामाच्या 26 दिवसांनी भागलं, 500. गुणिले 15 दिवस, झाले 7,500. नोकरी 8 वर्षं, म्हणजे ग्रॅच्युइटी, नोकरीच्या वर्षांमागे मिळणारी रक्कम, 60,000. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून जास्त भरले असतील तर ते पूर्ण वर्ष धरायचं, आणि अर्जाची पोच घ्यायची. ही ग्रॅच्युइटी वेगळी नि कपातीची भरपाई वेगळी, हे तुम्ही पेनानं दोनदा अधोरेखित केलंत. तेव्हा 1947 चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता: एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याचा पगार, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. शिल्लक रजेचे पैसे आणि बोनस याखेरीज.

माझ्या ओळखपत्रावर 'सीनियर क्वालिटी एक्झिक्युटिव्ह' लिहिलेलं. त्यावरून कंपनीनं मला कामगार मानायला, आणि म्हणून कपातीची भरपाई द्यायला, नकार दिला. तुम्ही विचारलंत, "दिवसभर करत काय होतास?" पार्ट मोजत होतो. "मग पाटीवर काही असो, काम बघतात." हेच वाक्य पुढे कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात अर्जात गेलं. तारखा पडल्या, कंटाळा आला, पण शेवटी कपातीचं पत्र मिळालं आणि भरपाईही. कमी रकमेचा पहिला चेक आला तेव्हा पोचेवर 'माझे हक्क अबाधित ठेवून स्वीकारले' असं लिहून मगच सही करायला लावलीत, म्हणून उरलेलं मागता आलं.

पीएफ काढून कर्ज फेडायची घाई करत होतो, तीही तुम्ही थांबवलीत. म्हणालात, दहा वर्षं भरली की पीएफसोबतच्या पेन्शनचा हक्क तयार होतो. आता पेन्शनचा पैसा उचललास तर आठ वर्षं पाण्यात, नव्या कंपनीत तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, दे. मात्र जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकली का, ते बघ. आईच्या शुगरच्या गोळ्यांची काळजी वाटत होती. एप्रिल ते सप्टेंबरची ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची, वर्गणी भरलेली असेल तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात, हे तुमच्याकडूनच कळलं. चिकलठाण्याच्या ईएसआय रुग्णालयात तिची औषधं चालू राहिली. त्याचे आभार आई स्वतंत्रपणे मानणार आहे.

पण अण्णा, सगळ्यात मोठं काम तुम्ही पैशाबाहेर केलंत. "आज रात्रीच घरी सांग. डबा घेऊन सकाळी खोटं खोटं निघू नको," म्हणालात. तसं निघणारी माणसं मी नंतर पाहिली, दिवसभर कुठंतरी बागेत बसून संध्याकाळी शिफ्टच्या वेळेला घरी जाणारी. मी त्या रात्री सांगितलं. बायको थोडा वेळ गप्प बसली, मग वही काढून किराणा, शाळेची फी, हप्ता असं लिहायला लागली. दुसऱ्या दिवशी अंबडला वडिलांना फोन केला. ते म्हणाले, गावाकडं ज्वारी आहे. कामावरून काढलेल्या माणसाला एकट्यानं बसू द्यायचं नसतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही रोज संध्याकाळी काही ना काही कारण काढून यायचात. ते कारण खोटं असायचं हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

आता मी शेंद्र्यात कामाला आहे. पगार थोडा कमी, पण पगारपत्रक, नेमणूक पत्र, हजेरीचे फोटो सगळं एका फायलीत ठेवतो. ती फाईल तुम्हीच करायला लावलीत.

एक काम काढलंय. आमच्या जुन्या लाईनवरची दोन पोरं, जालन्याची, यांनाही कागद दाखवलेत. सही केलेली नाही. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या चार कामगार संहिता लागू आहेत. महिन्याची नोटीस आणि वर्षामागे 15 दिवस त्यातही आहेत, शिवाय कामावरून काढल्यावर वेतनाचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, एवढं मी त्यांना सांगितलं. बाकीचं तुमच्यासमोर बसून बघू. रविवारी सकाळी दोघांना घेऊन येतो. पगाराच्या स्लिपा सोबत आणायला सांगितल्यात. काकूंना नमस्कार.

तुमचा,
गल्लीतला शेजारी