वास्कोची हवा पावसाळा सोडून मोजा, मंत्रीसाहेब

माननीय पर्यावरणमंत्री, गोवा सरकार,

सप्रेम नमस्कार साहेब. थेट मुद्द्यावर येतो. हवा चांगली की वाईट हे ठरवायला वर्षाची सरासरी धरतात आणि ती सरासरीच आम्हा वास्कोकरांचा घात करते, कारण तिच्यात जून ते सप्टेंबर पण येतात. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक या चार महिन्यांतच, मग रस्ते धुतले जातात, आमच्या मुरगाव बंदरातले कोळशाचे ढीग भिजून दबून बसतात, हवेतली धूळ खाली येते. श्रावणात दामोदराच्या सप्ताहाला सगळीकडून माणसं येतात त्यांना आमचं गाव स्वच्छच दिसतं. डिसेंबरात यायला पाहिजे त्यांनी, वास्कोतल्याच बायण्याला किंवा सड्यावर दोन दिवस राहायला.

आता जरा हिशेब करूया. पीएम १० म्हणजे जी बारीक धूळ श्वासाबरोबर आत जाते तिची आपल्या देशातली मर्यादा २००९ पासून वर्षाच्या सरासरीला दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे. नुसतं उदाहरण म्हणून पावसाचे चार महिने ३० आणि बाकीचे आठ महिने ७५ धरा, सरासरी किती येते? बरोबर ६०. म्हणजे गाव आठ महिने मर्यादेच्या वरची हवा घेतंय आणि कागदावर सगळं ओके. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हाच आकडा १५ वर आणलाय, ते तर आपण बोलतच नाही. तुमचे अधिकारी सांगतील की एका दिवसासाठी वेगळी १०० ची मर्यादा आहे. आहे ना, पण नियमाप्रमाणे आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला किमान १०४ वेळा मोजलं की पुरतं. मग उरलेल्या पाच दिवसांत बंदरात कोळसा उतरला आणि वारा जोरात असला तर ती धूळ कुणाच्या हिशेबात येणार?

आणि वाऱ्याचं गणित तर खारीवाड्यातला कुठलाही मासेमारी करणारा सांगेल. थंडीत रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पहाटे पडतो, गार हवा खाली बसून राहते आणि धूर, धूळ काही वर जात नाही. दुपारी समुद्राचा वारा सुटतो तो बंदराच्या बाजूने गावात शिरतो. लादी पुसल्यावर फडका काळा होतो, वाळत घातलेले कपडे झटकून आत घ्यावे लागतात, हे इथल्या बायका वर्षानुवर्षं सांगतायत. सगळी धूळ कोळशाचीच असं मी म्हणत नाही, ट्रक आहेत, उखडलेले रस्ते आहेत, बांधकामं आहेत, लोक कचरा पण जाळतात. पण कचरा जाळणाऱ्याला दंड आणि कोळशाच्या उघड्या ढिगाला परवानगी, हे पटत नाही साहेब. हा कोळसा परदेशातून जहाजाने येतो आणि रेल्वेने कुळे, कॅसलरॉकवरून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो, गोव्याला त्याचा उपयोग काय तर वाटेत सांडलेली पूड.

२०१७ मध्ये बंदराच्या विस्तारावर जनसुनावणी झाली तेव्हा लोक दिवसेंदिवस येऊन बोलले, म्हातारी माणसं बोलली, डॉक्टर बोलले. २०२० च्या नोव्हेंबरात कोळशासाठी रेल्वेचा दुसरा मार्ग नको म्हणून चांदर गावात लोक रात्रभर रेल्वे रुळांवर बसले. अजून कुठल्या भाषेत सांगायचं?

बंदर केंद्राच्या ताब्यात आहे हे उत्तर कृपया देऊ नका. कोळसा हाताळायची संमती गोव्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं, त्या संमतीत अटी घालणं तुमच्या सरकारच्या हातात आहे. म्हणून माझी मागणी एवढीच, ऑक्टोबर ते मे हा काळ वेगळा धरा आणि संमती द्यायची की नाही, किती टनांची द्यायची ते त्या आठ महिन्यांच्या आकड्यांवर ठरवा. त्या काळात उघड्यावर ढीग नको, शेड पाहिजेच, वारा ठराविक वेगाच्या वर गेला की उतरवण्याचं काम बंद, आणि वॅगनवर नीट ताडपत्री, नुसती नावाला नाही. मोजणीचं यंत्र वस्तीत असू दे, दर तासाचा आकडा गावात मोठ्या बोर्डवर दिसू दे, म्हणजे दम्याच्या माणसाला आणि शाळेतल्या मास्तरांना त्या दिवशी मुलांना मैदानावर सोडायचं की नाही ते कळेल. हे शेवटचं तर फार खर्चाचं पण नाही, बाकी सगळं अडलं तरी एवढं लगेच करा.

पाऊस संपायच्या आत तुमच्या खात्याने या अटींचा मसुदा लोकांसमोर ठेवावा आणि त्यासाठी बैठक पणजीत न घेता वास्कोत घ्यावी, संध्याकाळी, कामावरून सुटलेल्या माणसांना येता येईल अशा वेळी.

आपला,
एक वास्कोकर